इकडची तारीख, तिकडचा निकाल

नात्यातली माणसं त्याला पाठीमागे 'आमच्याकडे' म्हणायची. परदेशात जाऊन राहिल्याला वीस वर्षं होत आली होती आणि फोनवर बोलायला लागला की दर दुसरं वाक्य तिथूनच सुरू व्हायचं. आमच्याकडे गाडीवाला हॉर्न वाजवत नाही. आमच्याकडे डॉक्टर स्वतः दारात येऊन पेशंटला आत नेतो. ऐकणारे हसायचे, पण ऐकायचे. कारण माणूस मनाचा वाईट नव्हता आणि अडीअडचणीला पहिला धावून यायचा.

धंद्यानं तो लादी बसवणारा. दुसऱ्यांच्या न्हाणीघरांत, स्वयंपाकघरांत दिवसभर गुडघ्यांवर बसायचं, पाणसळ लावायची, लादी ठोकून बसवायची, सांधे भरायचे. हात इतका साफ, की एकदा बोलावलेलं गिऱ्हाईक पुन्हा दुसऱ्याकडे जायचं नाही. गुडघे मात्र पार कामातून गेले होते. संध्याकाळी घराचा जिना तो कठडा धरून चढायचा आणि बायकोनं तोंड उघडायच्या आत सांगायचा, "वरच्या मजल्यावर हवा चांगली येते, म्हणून तर घेतलंय हे घर."

त्या 'आमच्याकडे'च्या मुळाशी एक जुनी सल होती. तिकडे, मायदेशी असताना शाळेच्या शेवटच्या परीक्षेत तो गणितात थोडक्यासाठी नापास झाला होता. पेपरच्या दिवशी अंगात सणसणून ताप होता. पण निकालाच्या कागदावर ताप लिहायला जागा नसते. पुन्हा बसतो म्हणाला, तर बापानं हातात थापी दिली. तेव्हापासून त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की तिकडे तीन तासांत माणूस निकालात काढतात आणि इकडे माणूस बघून ठरवतात. इकडच्या शाळा-कॉलेजांत त्यानं पाऊल टाकलं होतं ते फक्त लादी बसवायला. पण श्रद्धेला पुरावा कुठे लागतो?

त्याची थोरली बहीण तिकडे दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसायची. तिचा नवरा लवकर गेला. पदरात एकच मुलगी, आणि ती इतकी हुशार की शेजारपाजारची पोरं तिच्या नावानं मार खायची. शेवटच्या परीक्षेत नव्वदच्या वर मार्क पडले की सरकारी कॉलेजात फार्मसी, हे घरात कधीचं ठरून गेलं होतं. चर्चा कुणी केली नव्हती. तेवढ्या मार्कांना तेच मिळतं, एवढंच.

पोरगी शेवटच्या वर्षाला गेली आणि लादीवाल्यानं फोन केला.

"ताई, पोरीला तिकडे अडकवू नकोस. आमच्याकडे अर्ज भरू."

"अरे, तिचं इथं होतंय की सगळं नीट."

"होतंय, पण कशावर? एका परीक्षेवर! त्या दिवशी डोकं दुखलं तर? पेन चाललं नाही तर? आमच्याकडे मार्कांवर काही नसतं. मुलगी कशी आहे, काय विचार करते, ते बघतात."

 ताईला भावाचा तो ताप आठवत होता. रात्रभर कपाळावर ओल्या पट्ट्या तिनंच बदलल्या होत्या. म्हणून ती 'हो' म्हणाली.

पहिली ठेच अर्जालाच लागली. इकडचे अर्ज ऐन थंडीत भरायचे, आणि तिकडची परीक्षा व्हायची त्यानंतर दोन-तीन महिन्यांनी. मग निकाल कुठून आणायचा? तर अर्जात एक रकाना होता: विद्यार्थ्याला किती मार्क पडतील, ते शिक्षकांनी आधीच लिहून द्यायचं. इकडचे शिक्षक पाचवीपासून मुलाला ओळखतात, लिहून देतात, आणि त्यावर जागा राखून ठेवतात. लादीवाल्याला ही रीत फारच आवडली. त्यानं थेट भाचीच्या मुख्याध्यापकांनाच फोन लावला.

"सर, फक्त एक आकडा लिहून द्यायचाय."

"कसला आकडा?"

"तिला किती पडतील तो."

"परीक्षा व्हायची आहे अजून."

"हो, पण अंदाज?"

"अंदाज?" सरांचा आवाज चढला. "अहो, परीक्षेआधी मार्क सांगणाऱ्याला आमच्या इथं पोलीस धरून नेतात! मुलगी गुणी आहे, शिस्तीची आहे, हे लिहून देतो. आकडा मी देणार नाही. उद्या कमीजास्त झालं तर शाळेचं नाव जाईल."

आणि खरंच त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं: वर्तणूक उत्तम, हजेरी नियमित. आकड्याचा रकाना कोरा. सरांचं चुकलं असं म्हणता येत नाही. त्यांच्या जागी ते बरोबरच होते.

मग आला निबंध. स्वतःबद्दल दोन पानं लिहा, म्हणे. भाचीनं लिहिलं की मी साध्या घरातली आहे, आईला, वडीलधाऱ्यांना मान देते, अभ्यास वेळेवर करते. मामानं फोनवर ऐकलं आणि गोंधळला. "असं नाही गं. तुला काय वाटतं ते लिही. वेगळं काहीतरी."

"वेगळं काय, मामा?"

"म्हणजे… तुला फार्मसीच का करायची?"

 "नव्वदला तीच मिळते ना," ती म्हणाली.

मुलाखतीतही हाच प्रश्न आला आणि पडद्यावरच्या तिघांपुढे तिनं हेच उत्तर दिलं. खरं बोलायला लहानपणापासून शिकवलं होतं. तिघांनी छान हसून आभार मानले. लादीवाला शेजारी असता तर त्याला कळलं असतं; गिऱ्हाईक असं हसलं की काम मिळत नाही, हे तो पक्कं ओळखून होता. पण तो हजारो मैलांवर कुणाच्या तरी न्हाणीघरात ओणवा बसला होता.

परीक्षा झाली. इकडच्या कॉलेजांनी कळवलं होतं की निकाल आल्याशिवाय काही सांगता येणार नाही, त्या वेळी जागा उरल्या तर बघू. मामानं त्यातला 'बघू' तेवढा धरून ठेवला. "निकालाच्या वेळी पोरगी इथंच असू दे," तो ताईला म्हणाला. "समोर माणूस उभा राहिला की काम होतं." तिकीट त्यानंच काढलं. भाची आली, मामीनं बाहेरच्या खोलीत पलंग लावून दिला, आणि लादीवाला तिला रोज संध्याकाळी शहर दाखवायला लागला. ते कॉलेज, ती लायब्ररी. दुखऱ्या गुडघ्यांनी तो पुढे आणि ती मागे.

निकाल लागला. चौऱ्याण्णव टक्के. मामीनं साखरेचा डबा काढला, शेजारणीचंही तोंड गोड केलं. लादीवाल्यानं त्या दिवशी काम अर्धं टाकलं, आजवर कधी टाकलं नव्हतं. कॉलेजांना कळवलं. दोन कॉलेजांनी नकार दिला. तिसऱ्यानं लिहिलं, की मार्क उत्तम दिसतात, परंतु ते आमच्या मापात किती होतात ते सरकारी कचेरीतून ठरवून आणा. आणि कचेरीला मूळ गुणपत्रिका लागते, नक्कल चालत नाही. ताईनं शाळेतून मूळ कागद घेतला, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत घालून कुरियरनं पाठवला. मामा-भाची जाऊन तो खिडकीवर देऊन आले.

तिकडचाही अर्ज ताईनं भरून ठेवला होता. चारच दिवसांनी तिचा फोन. आवाज ओळखू येईना. "अरे, नाव लागलंय! दुसऱ्या यादीत. सरकारी कॉलेज, फार्मसी. शुक्रवारपर्यंत मूळ कागद घेऊन स्वतः हजर राहायचंय, नाहीतर जागा पुढच्याला जाते. पाठव तिला. कागद पाठव."

लादीवाला कामाच्या कपड्यांनिशीच कचेरीत गेला. भाची बरोबर होती. खिडकीमागची बाई तरुण होती, बोलायला गोड होती. तिनं दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मला समजतंय," ती म्हणाली. "पण कागद तपासणीला गेला आहे. तो दुसऱ्या इमारतीत असतो. मध्येच काढता येत नाही."

"बाई, तिची जागा जाईल हो."

"तुम्ही विनंतीअर्ज करू शकता."

"त्याला किती दिवस?"

"साधारण तीन आठवडे."

"पण शुक्रवार…"

"मला खरंच वाईट वाटतंय," बाई म्हणाली, आणि तिला खरंच वाईट वाटत होतं. तेच तर अवघड होतं. आरडाओरडा करायला समोर वाईट माणूस लागतो. तिकडच्या कचेरीत तो भांडला असता, कुणाच्या तरी ओळखीनं आत घुसला असता, पाया पडला असता. इकडे हे काही चालत नाही, हे त्यानंच तर वीस वर्षं सगळ्यांना अभिमानानं सांगितलं होतं. तो उठला. खुर्चीवर सिमेंटची भुकटी पडली होती, ती हातानं झटकली. भाचीनं त्याचा हात धरला आणि दोघं बाहेर आली.

तिकडे ताई नक्कल घेऊन कॉलेजात गेली. दोन दिवस रांगेत उभी राहिली. तिथला कारकून तिच्या दवाखान्यात येणारा, ओळखीचा. तो म्हणाला, "ताई, मी काय करू? मुलगी नाही, कागद नाही. कुणाच्या नावानं सही घेऊ?" शुक्रवारी संध्याकाळी यादी पुढे सरकली.

तिकडे पावसाळा संपत आला, तेव्हा इकडे कचेरीचं उत्तर आलं. एका ओळीत निकाल: दोन.

"दोन?" ताई फोनवर ओरडली. "शंभरातले?"

"नाही गं. यांच्यात एक म्हणजे सगळ्यात चांगला. मग दोन, मग तीन…"

"म्हणजे दुसरी आली?"

"तसं नाही… चांगलं आहे म्हणतात. पण तिकडची बारा वर्षं इथं पुरी धरत नाहीत. आधी एक वर्ष तयारीचा वर्ग करायचा. मग पुन्हा अर्ज."

ताईनं फोन ठेवून दिला. त्यानंतर तिनं त्या विषयावर एक शब्द काढला नाही, भांडण तर नाहीच. भांडली असती तर बरं झालं असतं, असं तो मामीला म्हणायचा. दर रविवारी फोन यायचा आणि ती एवढंच विचारायची, "जेवते ना ती नीट?"

तेल गेलं, तूप गेलं म्हणतात, तशी गत. परत जावं तर तिकडे मागच्या वर्षीच्या मुलांचा नंबर सगळ्यांच्या शेवटी. शिवाय गल्लीत काय सांगायचं? जिच्या नावानं पोरं मार खात होती, ती परदेशातून हात हलवत परत आली, म्हणून? भाचीनंच सांगितलं, "मी वर्ग करते, मामा." तिनं नाव घातलं, आणि खर्चाला हातभार म्हणून सकाळी एका गोदामात पॅकिंगचं काम धरलं.

वर्गात पाठ करायला काही नव्हतं. उतारा देऊन विचारायचे, लेखकाचं तुम्हाला पटतं का? ती लेखक काय म्हणतो ते बिनचूक लिहायची. गुरुजी तांबड्या शाईत लिहायचे: तुमचं मत कुठे आहे? शाळेच्या बारा वर्षांत जिनं कुणाच्याही पुढे मत मांडलं नव्हतं, तिनं ते आता कुठून काढायचं? थंडीत तिला दोनदा नापास केलं. जन्मात पहिल्यांदा. त्या दिवशी ती घरी आली, भांडी घासली, आणि मामीला म्हणाली, "उद्यापासून मी दुपारचीही पाळी घेते." वही पलंगाखाली सरकवली. कुणी तिला 'का' म्हणून विचारलं नाही.

लादीवाला त्या वर्षात म्हातारा झाला. कामावर जायचा, पण गिऱ्हाइकाशी गप्पा मारेनासा झाला. एकदा तिकडच्या एका जुन्या मित्रानं फोन केला. त्याचा मुलगा शेवटच्या वर्षाला होता. "तुझ्याकडे म्हणे मार्कांवर काही नसतं. पोराला पाठवू का?" मामीला वाटलं, आता हा सांगेल सगळं.  तो म्हणाला, "मला त्यातलं काही कळत नाही रे. मी लादी बसवतो," आणि मित्राच्या आईची तब्येत विचारायला लागला.

एकदा त्यानं भाचीपुढे तोंड उघडायचा प्रयत्न केला होता. ती इस्त्री करत होती.

"पोरी, माझ्यामुळे…"

"मामा, इस्त्री गरम आहे, जरा बाजूला सर," ती म्हणाली. रागानं नाही. तिला खरंच पुढचा शर्ट घ्यायचा होता.

दुसऱ्या उन्हाळ्यात ती संध्याकाळी घरी आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "मला कायम केलं."

"वा!" मामी म्हणाली. "पगार वाढला?"

"थोडा. आणि सकाळची पाळी पक्की." ती खूश होती का, ते चेहऱ्यावरून कळत नव्हतं, दमली होती, एवढं नक्की. दोन घास खाऊन ती झोपायला गेली.

रविवारी लादीवाल्यानं ही बातमी ताईला सांगितली.  

"बरं झालं," ताई म्हणाली. "कायमवाल्यांना पगारी सुट्टी असते ना?"

"असते."

"मग येऊन जाईल एकदा."

"येईल की," तो म्हणाला. भाची बाहेरच्या खोलीत जागीच होती. तिला हाक मारून विचारता आलं असतं. त्यानं मारली नाही, आणि ताईनंही फोन तिच्याकडे दे म्हटलं नाही.