भूगोलाच्या बाई आणि नदीवरचा पूल

आम्हाला भूगोल शिकवणाऱ्या बाई राजकारणात शिरल्या त्या मुलींच्या स्वच्छतागृहातल्या कोरड्या नळामुळे. नगरपालिकेत कितीदा जाऊनही "साहेब बाहेर गेलेत" एवढंच ऐकू येई. शेवटी बाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन साहेबांच्याच टेबलावर तपासत बसल्या. साहेब आले ते आपल्याच खोलीत अवघडून उभे राहिले. त्याच आठवड्यात नळाला पाणी आलं, आणि पुढच्या निवडणुकीला गल्लीने बाईंनाच उभं केलं.

मतं मागणं त्यांना जमेना. दारोदार सगळं समजावून झालं की विचारायच्या, "आता मी काय म्हटलं, सांगा बघू?" लोकांनी धसकून त्यांना निवडून दिलं.

नगरपालिकेत त्यांनी कामं केली, तशी एका पक्षाने त्यांना आमदारकीचं तिकीट दिलं आणि त्या निवडूनही आल्या. विधानसभेतल्या पहिल्याच भाषणात समोर गप्पा रंगलेल्या. बाई बोलायच्या थांबल्या आणि हाताची घडी घालून नुसत्या पाहत राहिल्या. हळूहळू सभागृह चिडीचूप झालं. एका माजी मंत्र्याने तर तोंडातली गोळी न चघळता गिळली म्हणतात.

घरी मात्र हा दरारा चालत नसे. नवरा शिंपी. "आमदारबाई, तेवढा सुईत दोरा ओवून द्या," म्हणायचा, आणि त्या मुकाट्याने ओवून द्यायच्या.

आमदारकीच्या दुसऱ्या निवडणुकीत घोळ झाला. भरसभेत पक्षाध्यक्षांनी बाजाराजवळ पूल बांधायचं वचन दिलं आणि माइक बाईंच्या हातात दिला.

"इथे नदी वळते," बाई म्हणाल्या. "काठ सारखा खचतो. पूल टिकायचा नाही. वरच्या अंगाला खडक आहे, तिथे बांधायला हवा."

तो खडक होता विरोधी उमेदवाराच्या, एका सिमेंटवाल्याच्या, गावाला लागून. बाई सपाटून पडल्या.

"अगं, एक दिवस गप्प बसली असतीस तर?" नवऱ्याने विचारलं.

"आणि चुकीचं शिकवलं असतं?"

एवढं बोलून त्या जराशा रडल्या. मग चिडून स्वयंपाकघरातली सगळी भांडी घासली, घासलेलीसुद्धा.

निवडून आलेल्या सिमेंटवाल्याने पूल बांधला, खडकावरच. उद्घाटनाला बाईंना बोलावणं नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी त्या नवऱ्याला घेऊन गेल्या आणि पुलाच्या मधोमध थांबून त्याला नदीचं वळण दाखवू लागल्या. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले.

"अगं, चल ना," नवरा बाही ओढत म्हणाला.

"थांबा हो जरा. अजून गाळाचं सांगायचं राहिलंय."