मामाच्या तांब्यासाठी मुळशीपल्याड

माझं वय किती, हे बघायला मी परवा माहेरी जाऊन आले. लोक हवा पालटायला जातात, आमची आज्जी साल पालटायला गेली, असं माझी नात शीतल म्हणते. म्हणू दे. स्कूटी तिची होती.

हे सगळं मी बोलतेय आणि शीतल तिच्या ब्लॉगवर लिहितेय. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते. कोण कुणाला काय बोललं ते तरी जसंच्या तसं ठेव, असा दम दिलाय.

तर झालं असं. आमच्या घोटावड्याच्या जत्रेत देवीची पहिली ओटी भावकीतली वयानं सगळ्यात थोरली बाई भरते. इतकी वर्षं सासूबाई भरायच्या. गेल्या दिवाळीत त्या गेल्या आणि उरलो दोघी. एक मी, हौसा. दुसरी माझी चुलतजाऊ, तान्हू. नाव तान्हू आणि म्हणे थोरली! नात्यानं थोरली मीच, माझा नवरा मोठा. पण देवी नातं बघत नाही, वय बघते. तान्हू दुसरी पास आहे, त्यामुळं तिच्याकडे शाळेचा दाखला आहे, दाखल्यावर साल आहे. मी शाळेची पायरी चढले नाही. माझ्याकडे नुसतं आधार कार्ड. ते काढणाऱ्या पोरानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि साल टाकलं. त्या हिशेबानं मी तान्हूपेक्षा तीन वर्षांनी थोरली.

तान्हू चारचौघींत म्हणाली, “सुरकुत्या बघून वय ठरतं व्हय? मग आमच्या म्हशीला भरू द्या की वटी! महाराष्ट्र राज्य झालं, शाळंत पेढं वाटलं, तवा माझं म्होरलं दात पडलं हुतं.”

मी म्हटलं, “माझं पडून परत आलं हुतं!”

शाळेत नव्हते, तरी पेढ्याच्या रांगेत मी पहिली होते. पण दातांवरून निकाल लागेना. तेव्हा मला तांब्या आठवला. माझ्या बारशाला मामानं पितळी तांब्या दिला होता आणि त्यावर ठिपक्याठिपक्यांनी नाव-साल कोरून आणलं होतं. लहानपणी त्या ठिपक्यांवरून मी बोट फिरवत बसायचे. तांब्या माहेरी, माहेर मुळशी धरणाच्या पल्याड, ताम्हिणीच्या अंगाला. जत्रा पाच दिवसांवर.

सकाळी सातला निघालो. अंबाडा हेल्मेटात मावेना, म्हणून वेणी घातली. सत्तरीची वेणी बघून घोटावडे फाट्यावरचा चहावाला दोन रुपये परत द्यायला विसरला. तुम्ही पुण्याहून येणार असाल तर उजाडायच्या आत भूगाव ओलांडा, नाहीतर नाश्ता गाडीतच होईल. शनिवार-रविवार येऊच नका. पेट्रोल पौडलाच भरा, पुढं पंपाच्या भरवशावर राहू नका. पौडला आम्ही मिसळ खाल्ली. तर्री झणझणीत, पाव कालचा.

शीतल तलाठ्याच्या परीक्षेचा अभ्यास करते. गाडी चालवतानाही तिची उजळणी चालूच.

“आज्जे, आपल्या राज्याचा प्राणी?”

“वाघ आसंल.”

“शेकरू!”

“ती व्हय? आमच्या फणसाचं गरं आदी ती खायची, मग आमी. राज्याची म्हणून खाती हे ठावं नव्हतं.”

“सगळ्यात उंच शिखर?”

“कळसूबाई. ही पाटलाच्या घरी कामाला ऱ्हायली. म्हनली, सगळं करीन, पर भांडी घासायची न्हाई. एक दिस लावलीच घासायला, तर गेली डोंगरावर निघून.”

“पुस्तकात फक्त उंची दिलीय.”

“तेच तर. उंची कशापायी मिळाली ते न्हाई दिलं.”

धरणाकाठी थांबलो. मे महिना, पाणी खाली गेलेलं, काठाला भेगाळलेला गाळ. शहरातली मंडळी त्यात उभी राहून फोटो काढत होती. एक बाई पानाच्या द्रोणात करवंदं विकत होती, तीस रुपयांना. भाव करू नका, ती काट्यातून काढून आणते.

“आज्जे, मुळशी सत्याग्रह परीक्षेला येतो,” शीतल म्हणाली. “एक मार्क.”

माझी आजी तेव्हा नवी नवरी होती. धरणाचं काम अडवायला बाया बसल्या, त्यांत तीही बसली. धरण झालंच. वीज मुंबईला गेली आणि आजीची दोन खाचरं पाण्याखाली. मी पाण्याकडे बोट केलं. “तुझा एक मार्क तितं हाय बघ. त्याच्याखाली आमचा आंबेमोहर हुता.”

शीतलनं गाडी सुरू केली. ताम्हिणीच्या रस्त्याला लागलो, तशी एका वळणावर तिनं ब्रेकच मारला. जांभळ्या फुलांचं झाड मी तिला दाखवलं होतं, “ताम्हण बघ कसा फुललाय.”

“हे ताम्हण? हे राज्यफूल आहे! दोन वर्षं पाठ करतेय मी!”

“आनि बगितलंस आज. पास हुशील तवा झाडाला सांगून जा.”

माझ्या धाकट्या भावानं, किसननं, घराच्या चार खोल्या पाहुण्यांना द्यायला काढल्यात. ताट साडेतीनशे रुपये: तांदळाची भाकरी, गावठी कोंबडी, भात, सोलकढी. मला फुकट, म्हणून रश्श्यात फोडी दोनच. ओटीवर हिंजवडीचं एक जोडपं बसलं होतं आणि त्यांच्या डोक्यावर, फळीवर, माझा तांब्या! काळा ठिक्कर, तोंडात प्लास्टिकची फुलं, खाली चिठ्ठी. शीतलनं वाचली: “पुरातन वस्तू. हात लावू नये.”

“किसन्या,” मी म्हटलं, “ह्यो माझ्या बारशाचा तांब्या. ह्यो पुरातन, मग मी कोन?”

“अगं आक्का, पावन्यांना आवडतं तसलं.”

हिंजवडीची पोरगी म्हणाली, “आजी, हे किती वर्षांपूर्वीचं असेल?”

“तेच बगाया आलेय, बाय.”

चिंच मागितली, मीठ मागितलं आणि अंगणात बसून घासायला घेतलं. कळसूबाई होणं माझ्या नशिबात नाही. पाहुणे, किसन, वहिनी, सगळे भोवती. घासता घासता पितळ उजळलं आणि बोटाला ते ठिपके लागले. तेच. डोळे मिटून ओळखले असते. शीतलनं तांब्या उन्हात धरला.

“चिरंजीव हौसा हिच्या बारशास मामाकडून...” पुढं ती थांबली.

“साल वाच की.”

तिनं ते मनातच वाचलं. मग माझ्या कानाशी आली. “आज्जे, तान्हूआजीच्या दाखल्यापेक्षा दोन वर्षांनी अलीकडचं आहे. तू धाकटी आहेस.”

कानात सांगितलेलं सगळ्यांनाच ऐकू गेलं. किसन हसून लोळायला लागला. पण रक्ताचा भाऊ तो. डोळे पुसून म्हणाला, “आक्का, मामा कदी येळंवर आला हुता का? आईच्या लग्नात जेवनं उठल्यावर आला. बारशाचा तांब्या दोन वर्सांनी आणला आसंल!”

मला एकदम बरं वाटलं. तांब्या खोटा नाही आणि मीही धाकटी नाही. मामाच उशिरा आला. स्वर्गातला माणूस, येऊन नाही थोडाच म्हणणार? वहिनीही म्हणाली, “व्हय, मामा तसलाच.” तांब्या पदरात गुंडाळला आणि थोरली होऊनच स्कूटीवर बसले.

परत येताना धरणाकाठी तीच बाई होती. पुन्हा करवंदं घेतली. एक एक करवंद मी पुढच्या दातांनी कुरतडत होते, द्रोण लवकर संपू नये म्हणून.

आणि तिथंच आठवलं. पेढाही मी असाच खाल्ला होता. शाळेमागच्या भिंतीला टेकून, पुढच्या दातांनी, उंदरासारखा कुरतडून, संपू नये म्हणून. पडून परत आलेले दात नव्हते ते. बारीक बारीक दुधाचे होते. पडायचेच होते अजून.

मामा वेळेवर आला होता. जन्मात एकदाच, माझ्या बारशाला, आणि मी त्यालाच उशिराचा ठरवून निघाले होते.

शीतलला सांगितलं. ती म्हणाली, “आज्जे, दात कुणी बघितलेत? तू म्हणशील ते लिहिते.”

“पेढा म्या खाल्ला हाय,” मी म्हटलं. “ल्ही खरं तेच.”

घरी आल्यावर तांब्या चुलीशेजारच्या फळीवर ठेवला. पेट्रोल, मिसळ, दोन वेळची करवंदं धरून पाचशेच्या आत सगळं झालं. त्यात ताम्हण बघितला, आजीची खाचरं वरून का होईना बघितली, आणि आधार कार्डावरचं वय पाच वर्षांनी उतरलं. शहरातल्या बायका एवढ्यासाठी किती खर्च करतात म्हणे.

तान्हूला मोबाईलवरची अक्षरं दिसत नाहीत. तिचा नातू हे सगळं तिला वाचून दाखवतो, मला ठाऊक आहे. तर बाळा, इथून पुढचं मोठ्यानं वाच. आणि शीतल, हे मी बोलते तसंच लिही.

तान्हूबाई, आयका. आजवर नात्याच्या जोरावर तुमाला अगं-तुगं केलं, ते सोडा. पैली वटी तुमची. खण-नारळ मी आनते, ताट मी धरते. थोरलेपनाचा मान आता समदा तुमचाच. तवा वर जायचा पैला लंबर बी तुमचाच लागतोय. पर त्याची घाई करू नगा. मी दोन वर्सं मागं हाय, आनि तुमच्याबिगर भांडायला हितं कोन हाय मला?