द्वारकाबाईचं नाक आणि परसातलं मडकं

तीर्थपुरीच्या त्या गल्लीत द्वारकाबाईच्या नाकाला सगळे टरकून असायचे. शेजारच्या नूरबीची डाळ नुसती लागायला आली, की ही भिंतीपलीकडून ओरडायची, "अगं ए, पातेलं उतर!" नूरबी म्हणायची, "या अल्ला, बाईचं नाक हाय का चौकीदार!" सगळ्या बाया हसायच्या. पण ते नाक एवढं तयार कशानं झालं, हे कुणी हसत सांगत नसे.

तिचा नवरा कडूबा तरुणपणी प्यायचा. थोडीथोडकी नव्हे, पार तोल जाईस्तोवर. गावाकडं, कुंभार पिंपळगावला असताना, त्यानं घरातली पितळी घागर विकून दारू ढोसली होती. संध्याकाळी तो दारात आला, की बाई आधी वास घ्यायची. मग ताट वाढायचं की पोरांना घेऊन जावेकडं निजायला जायचं, ते ठरायचं. शेवटी थोरला लेक कमावता झाल्यावर एका चतुर्थीला तिनं त्याला राजूरच्या गणपतीपुढं उभं केलं. त्यानं शपथ घेतली. तिनंही तिथंच ठणकावलं, "पुन्हा वास आला तर मी लेकाकडं जाईन. माघारी यायची न्हाई." कडूबानं शपथ पाळली. बाईचं वास घेणं मात्र सुटलं नाही. अंगवळणी पडलेलं, ते जातंय होय!

पोरं मार्गी लागल्यावर दोघं तीर्थपुरीत दोन खोल्या घेऊन राहिली. कडूबा आडतीवर पोती शिवायला जायचा. घरामागं एवढंसं परस होतं, तिथं बाईनं दोडका लावला. पण जमीन सगळी मुरमाड. दावणीला जनावर नाही, मग शेणखत कुठून यावं? वेल पिवळा पडला. "गावाकडं उकिरड्यावर पडलेलं बी सुदिक फोफावायचं," असं ती उठता-बसता म्हणायची. कडूबा ऐकायचा आणि भाकरी मोडायचा.

साल असेल नव्व्याण्णव. उन्हाळ्याच्या एका दुपारी बाई परसात वाळवण उलटत होती, आणि वास आला. आंबूस, गोडसर. तिनं पदर नाकाला लावला, काढला, पुन्हा हुंगलं. गूळच, आंबलेला! गावाकडं हातभट्टीवाले मडक्यात गूळ भिजवून उकिरड्यात पुरायचे, तिथून जाताना अस्साच वास यायचा. द्वारकाबाई तो विसरेल होय?

न्हाणीच्या मागं गोणपाटाखाली मडकं निघालं. तोंडावर झाकण, कडा चिखलानं लिंपलेल्या. शेजारी बाटली, तीही दारूचीच, आणि तिच्यात तांबूस पाणी. बाईनं बाटली उचलून हुंगली. मग एकेक आठवायला लागलं. डब्यातला गूळ कमी झाला होता. कडूबा सारखं ताक मागत होता. जन्मात ज्यानं कधी केर उचलला नाही, तो माणूस हल्ली भाजीची देठं, शिळी भाकर स्वतः उचलून न्यायचा. 'तू बस, मी टाकतो' म्हणायचा! मागं जायला निमित्त, दुसरं काय!

ती बाटली घेऊन नूरबीकडं गेली. "हुंगून सांग गं, दारूच हाय ना?"

"तौबा, तौबा!" नूरबी दोन पावलं मागं सरली. "मला काय ठाऊक बाई? लोणच्याचं पाणी म्हनून कुणी दिलं तर मी बिलकुल पिऊन टाकीन!"

दुसरी कोणतीही वेळ असती तर बाई हसली असती. आत्ता तिला रडायलाही येईना. म्हातारपणी बरं चाललं होतं गं माझं, एवढंच ती पुटपुटली. घरी येऊन तिनं दोन लुगडी पिशवीत कोंबली. राजूरला बोललेला शब्द होता, तो पाळायचा होता. पण जाण्याआधी तिनं वरवंटा उचलला आणि परसात जाऊन मडक्यावर घातला.

मडकं फुटलं. बाई बघतच राहिली. आत वांग्याची देठं होती, कांद्याची टरफलं होती, परवाच्या भाकरीचे तुकडे होते. सगळं थराथरानं दाबून बसवलेलं, मधेमधे गव्हाचा कोंडा, वर पांढरी बुरशी.

तेवढ्यात कडूबा आला. काखेत कोंड्याची पिशवी. त्यानं फुटलेलं मडकं पाहिलं, मग दाराशी ठेवलेली लुगड्यांची पिशवी पाहिली.

"लेकाकडं निघालीस?"

बाईनं हातातला वरवंटा खाली ठेवला.

"इचारायचं तरी गं."

"इचारलं असतं, तर खरं बोलताय हे मला कसं कळलं असतं?" ती एकदम बोलून गेली.

कडूबा न्हाणीच्या दगडावर टेकला. "बराबर हाय तुझं. लई खोटं बोललोय मी." मग त्यानं सांगितलं. आडतीवर एक मास्तर यायचे, त्यांनी युक्ती शिकवली होती. गुळाच्या पाण्यात ताक घालून कोंडा भिजवायचा, घरातलं उष्टं-खरकटं त्या कोंड्यासंगं मडक्यात दाबायचं, वारा जाऊ द्यायचा नाही. चांगलं आंबलं की मातीत पुरायचं, खत होतं. बुडाच्या भोकातून निथळतं ते पाणी पातळ करून वेलाला घालायचं. "गूळ आंबवतो म्हनलं असतं, तर तुझा जीव उडाला असता. म्हनून आधी दोडका धरू द्यायचा, मंग सांगायचं, असं ठरवून राह्यलो होतो."

बाईनं पदर तोंडाशी नेला. एवढ्या वर्षांत ह्या माणसानं तिच्यासाठी असं काही केल्याचं तिला आठवेना, आणि केलं ते तिनं फोडून ठेवलं होतं. ती खाली बसून खापऱ्या गोळा करू लागली.

"आन् एक सांगू?" कडूबाचा आवाज उतरला. "पयल्यांदा झाकण काढलं ना, त्या वासानं तोंडाला पाणी सुटलं माझ्या. तसाच उठलो न् गुत्त्याच्या कोपऱ्यापोत्तर गेल्तो."

बाईचा हात थांबला. "मंग?"

"मंग काय. उभा राह्यलो जरासा, न् आलो माघारी. रोज उघडताना भ्या वाटतं. तसंच नाक दाबून कोंडा टाकतो."

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग उठून आत गेली, आणि लोणच्याची मोठी बरणी रिकामी करून घेऊन आली. सांडलेलं सगळं तिनं स्वतःच्या हातानं बरणीत भरलं, दाबलं.

"आजपासनं उघडायचं झालं की मला हाक मारायची," ती म्हणाली. "एकट्यानं उघडायचं न्हाई."

"अजून भरवसा न्हाई व्हय माझा?"

"तसं न्हाई वो," द्वारकाबाईला हुंदका आला. "तुम्ही एकटेच भीत होता, न् मी भिंतीच्या पलीकडं भाकरी थापीत होते."