कपडे कोण झाडायचं?

संशोधन केंद्रातल्या डॉक्टरीणबाई घरी येणार म्हणून फिटरमामांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात त्यांनी सव्वीस वर्षं काढली होती. त्या पत्र्यांतल्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीने छातीचं काय होतं याचा अभ्यास चाललाय आणि त्यात आपलं नाव आहे, हे त्यांचं अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं.

"इस्त्रीचा सदरा कशाला?" मामी म्हणाल्या. "बाई छाती बघणार आहेत, मुलगा नाही!"

बाई आल्या, फॉर्म उघडला आणि मामा सुटले. शेजारचा माणूस ओळखू येऊ नये इतकी धूळ उडायची म्हणे. "पण मला काही झालं नाही. लोखंड आहे लोखंड!"

"गंज लोखंडालाच चढतो," मामी दारातूनच म्हणाल्या.

बाई हसल्या. पान उलटून त्यांनी विचारलं, "कामाचे कपडे घरी कोण धुवायचं?"

या प्रश्नाची मामांनी तयारीच केली नव्हती. "ही."

"नुसते धुवायची नाही, आधी झटकायची," मामी म्हणाल्या. "मोरीपाशी उभी राहून, रोज. गिरणीतून आल्यासारखे पांढरेफटक असायचे."

बाईंचं पेन थांबलं. "मामी, एक्स-रेला तुम्हीही या."

"ही तर कारखान्याची पायरीसुद्धा चढली नाही!" मामांना जरा लागलंच.

पंधरा दिवसांनी केंद्रावर मामांचा एक्स-रे स्वच्छ निघाला. मामींच्या फुप्फुसांच्या आवरणावर मात्र चट्टे होते. "हा कॅन्सर नाही," बाईंनी समजावलं, "पण दरवर्षी तपासायचं. त्या धुळीतले बारीक तंतू श्वासातून जातात आणि आतच राहतात. चट्टे तीस-चाळीस वर्षांनी दिसतात. कामगारांच्या बायकांतही सापडतात, म्हणून तर विचारलं."

बसथांब्यावर मामांनी मामींना सावलीत उभं केलं. मग म्हणाले, "मला ठाऊक असतं तर..."

"तर काय, स्वतः धुतले असते?"

मामांनी प्रामाणिकपणे विचार केला. "नसते बहुतेक."

मामींना इतकं हसू आलं की ठसका लागला, आणि मामांनी घाबरून त्यांचा हात जो धरला तो बस आली तरी सोडला नाही.

धुणं आता मामांकडे आहे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मामींची पांढरी चादर गुलाबी केली. मामींना ओरडायलाही सवड नव्हती. त्या गल्लीतल्या कामगारांच्या बायकांना गोळा करून केंद्रावर नेत होत्या. "मी कुठे कारखान्यात होते?" असं जी म्हणेल, तिला त्या एवढंच विचारत, "कपडे कोण झाडायचं गं?"

अकरा जणी आल्या.