सविता वहिनींची फळी

शारजात अल मजाजमधल्या आमच्या अख्ख्या टॉवरला ऑक्टोबरातल्या भर दुपारी पार्किंगमध्ये उतरवलं ते मी. आग लागली नव्हती. पण त्याच आठवड्यात कंपनीने मला फायर सेफ्टीचं ट्रेनिंग दिलं होतं, आणि सर्टिफिकेट हातात आलेल्या माणसाला आग कुठेही दिसते.

रविवार होता. जेवून आडवा झालो, तोच वरच्या मजल्यावरून आवाज सुरू झाला. ठक. ठक-ठक. ठकाठक ठक. थांबला, की पुन्हा सुरू. ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, अडकलेला माणूस मदतीसाठी ठरावीक अंतराने ठोकतो. हे ठोकणं तर इतकं तालात होतं की अडकलेला माणूस तबलजी असावा. बायको म्हणाली, "वर जाऊन बेल वाजवा ना." पण बेल वाजवायचं ट्रेनिंग मला मिळालं नव्हतं. मी जिन्याजवळची अलार्मची काच फोडली.

मग काय! केरळी आजोबा लुंगीवर उतरले, तिसऱ्या मजल्यावरचं इजिप्शियन कुटुंब भाताच्या पातेल्यासकट उतरलं, नातूर, म्हणजे आमचा रखवालदार, शिट्टी फुंकत गोल गोल पळू लागला. सगळ्यांत शेवटी आल्या आमच्या डोक्यावर राहणाऱ्या सविता मायदेव. वय पंचावन्नच्या पुढे, अंगात पंजाबी ड्रेस, पायात चामडी तळव्याचे काळे बूट, आणि काखेत दाराएवढी प्लायवूडची फळी. मागे त्यांचे यजमान वसंतराव, पासपोर्टची पिशवी पोटाशी धरून.

"वहिनी, आग लागली की बायका दागिने घेऊन पळतात. तुम्ही फळी?"

"दागिने लॉकरमध्ये आहेत, भाऊजी. फळी बाहेरच असते."

"आणि वर ठोकत कोण होतं?"

"मी. नाचत होते."

अग्निशमनवाल्यांनी मला जे सुनावलं ते अरबीत होतं, म्हणून अब्रू वाचली. पण बिल्डिंगच्या ऑफिसने दुसऱ्याच दिवशी वहिनींना कळवलं की घरात ठोकाठोक खलास; पुन्हा आवाज आला तर भाडेकरार पुढे वाढणार नाही. काच फोडली मी आणि बंदी आली त्यांच्यावर. न्याय हा प्रकार तळमजल्यावरून वर जाता जाता असाच दमतो.

बंदी आली तीही नेमक्या वाईट वेळी. नोव्हेंबरात दुबईतल्या एका क्लबच्या हिरवळीवर सेल्टिक, म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडकडच्या, आणि अपालाचियन वारशाचा मोठा संगीतमहोत्सव होणार होता. इतकी वर्षं विमानं बदलून ज्याच्या मागे वहिनी गेल्या, ते सगळं पहिल्यांदाच घरापासून टॅक्सीच्या अंतरावर येत होतं. तिथे आपण एकदा नाचायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

आता दापोलीच्या या बाई तिथवर पोचल्या कशा, ते सांगायला हवं. वसंतरावांचा शारजात फर्निचर-पार्टिशनच्या कंत्राटांचा धंदा. वहिनी दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या चकलीवर दुबईतल्या करामापासून अजमानपर्यंतची मराठी दिवाळी उभी असते. मुलगी शिवानी शिकायला अमेरिकेत, व्हर्जिनियाच्या डोंगराळ भागात. पदवीदानाला हे दोघे गेले. समारंभ आटोपला, पाहुणचार आटोपला, मेतकूटही संपलं, तेव्हा शिवानी म्हणाली, "आई, देअर्स अ फिडल फेस्टिव्हल. यू'ल गेट बोअर्ड, बट चल."

अपालाचिया म्हणजे अमेरिकेच्या पूर्व अंगाची डोंगररांग. स्कॉटलंड-आयर्लंडची गरीब माणसं गलबतांतून तिकडे गेली. सामान न्यायला जागा नव्हती, म्हणून गाणी आणि नाच नेले. तिथे दरवर्षी माळावर तंबू पडतात आणि तंबूतंबूतून लोक फिडल वाजवत बसतात. फिडल म्हणजे व्हायोलिनच, फक्त त्याच्या गळ्यात टाय नसतो. अशाच एका तंबूपुढे गवतावर फळी टाकली होती आणि तिच्यावर सत्तरीची एक बाई नाचत होती. कमरेच्या वर बँकेच्या रांगेत उभं राहावं तशी स्थिर, आणि गुडघ्याखाली फोडणीतल्या मोहरीसारखी तडतड. वहिनी टक लावून पाहत राहिल्या. म्हातारी उतरली, फळीकडे बोट दाखवून म्हणाली, "ये." वहिनी चपला काढून चढल्या.

"नाव, गाव काही विचारलं नाही तिनं," वहिनी सांगतात. "दोन गाणी झाली, मग पाणी दिलं, आणि मग नाव विचारलं."

त्या वर्षापासून जुलै आला, शारजाचा तवा झाला, की बाकीचे मराठी लोक पुण्याला जातात आणि वहिनी डोंगरात. मग सूर आले कुठून ते पाहायला त्या उलट्या निघाल्या. एका वर्षी कॅनडातलं केप ब्रेटन बेट, मग आयर्लंडचा पश्चिम किनारा, मग स्कॉटलंडची बेटं. परत आल्या की आम्ही त्यांचं प्रवासवर्णन ऐकायला जमायचो. वहिनी सांगत असायच्या की बेटावरच्या एका स्वयंपाकघरात पहाटेपर्यंत कसे लोक आळीपाळीने वाजवतात, नाचतात. आणि आम्ही अत्यंत जिव्हाळ्याने विचारायचो, "व्हेज मिळतं का?" "तिकीट किती दिरहम? म्हणजे आपले किती झाले? अरे बाप रे, एवढ्यात चिपळूणला गुंठा येतो!" एकदा एकाने विचारलं, "बघण्यासारखं काय आहे तिथे?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही." त्यावर त्याने सहानुभूतीने मान हलवली आणि दुसरी करंजी उचलली.

वसंतरावांना संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण बायको परत आल्यावर फरशीवर नाचते आणि आवाज नीट येत नाही म्हणून कुरकुरते, एवढं त्यांनी हेरलं. साइटवरून मरीन प्लायचा उत्तम तुकडा आणला, कडा घासल्या, खाली पट्ट्या ठोकल्या आणि "यल्ला, बघ" एवढं म्हणून हॉलमध्ये टाकला. तीच ही फळी.

तर आता माझं प्रायश्चित्त. सरावाला जागा मिळवून देणं मला भाग होतं. मला आठवला रणजित शेलार. हमरिया फ्री झोनमध्ये त्याचं गोडाऊन आहे, पाइप आणि व्हॉल्व्हचं. शुक्रवारी रिकामं असतं. शिवाय तो आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष. फोनवर म्हणाला, "हबीबी, गोडाऊन तुझंच समज."

पहिल्या शुक्रवारी वहिनींनी फळी टाकली. सोबतीला वसईचा लॅन्सी तुस्कानो आला होता. लॅन्सी दिवसा एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये, रविवारी चर्चमध्ये व्हायोलिनवर आणि गुरुवारी एका आयरिश बँडमध्ये, ज्यात एक गोवेकर, दोन फिलिपिनो आणि एक लेबनीज आहे. त्याने गज फिरवला, वहिनींचे पाय सुटले, आणि पत्र्याचं ते गोडाऊन असं घुमलं की रणजित ऑफिसातून धावत आला. दोन मिनिटं आ वासून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. अध्यक्षाचा चेहरा उजळला की समजावं, मीटिंग लागणार.

"अहो, ही तर आपली मंगळागौर!"

"नाही हो," वहिनी धापा टाकत म्हणाल्या. "मंगळागौर मला येते. हे वेगळं आहे."

"वेगळं कसं? पाय आपटणं आलं म्हणजे आपलंच. सगळं आपल्याकडूनच गेलंय, वहिनी."

मीटिंग करामात, एका उपाहारगृहाच्या माडीवर, बटाटेवड्यांच्या साक्षीने झाली. विषय: मायदेव वहिनींचा नाच आणि मंडळाची भूमिका. प्रकाश जोगळेकर उभे राहिले. घारे डोळे ही त्यांची एकमेव स्थावर मालमत्ता. फोटोत ती दिसावी म्हणून ते गॉगलसुद्धा लावत नाहीत, आणि दुबईत ही साधी तपश्चर्या नव्हे.

"आपण कोकणस्थ समुद्रातून आलो, हे सर्वमान्य आहे," ते म्हणाले. "पण गलबत सुटलं कुठून, हे कुणी विचारलं नाही. माझ्या मते स्कॉटलंडहून. पुरावा म्हणजे काटकसर."

"मग आम्ही शेलार कुठून आलो?" रणजितने विचारलं.

"तुम्ही स्वागताला असाल किनाऱ्यावर."

त्यांनी थुंकी नळीत भरून परदेशी प्रयोगशाळेला पाठवलीही होती. पुढे अहवाल आला: शंभर टक्के दक्षिण आशिया. तेव्हापासून त्या प्रयोगशाळेत गैरव्यवहार चालतो, असं त्यांचं ठाम मत आहे.

कोपऱ्यात वहिनी वडा न खाता बसल्या होत्या. ठराव झाला की महोत्सवात मंडळ उतरणार. बोलणी करायला मी आणि रणजित. वहिनींना कोणी विचारलं नाही; त्या कार्यक्रमाचं कारण होत्या, आणि कारणाला मत नसतं.

आयोजक मिसेस मॅकब्राइड तीस वर्षं दुबईत असलेल्या स्कॉटिश बाई. वहिनींचा व्हिडिओ पाहून "लव्हली, लव्हली" म्हणाल्या. मग मान तिरपी करून, अगदी हळुवारपणे, "पण त्यांचं हेरिटेज कनेक्शन काय?"

मी सांगायला हवं होतं, त्या इतकी वर्षं तुमच्या डोंगरांत चिखल तुडवतायत. पण रणजितने तोवर मोबाइलवर लेझीम पथक दाखवलं होतं. फेटे, नऊवारी, ढोल. बाईंचे डोळे लकाकले. "फ्यूजन! त्या असंच काही घालतील का? रंगीत? आणि त्या छुनछुन काठ्या घेऊन?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो. म्हणजे हो म्हणालो. मोठ्या स्टेजचा मोठा वेळ मिळतोय म्हटल्यावर मला भरून आलं होतं.

ती बातमी घेऊन मी धावत वर गेलो. वहिनी चकलीचं पीठ मळत होत्या.

"म्हणजे नऊवारी नेसून, हातात लेझीम घेऊन, पंधरा जणांच्या मधे मी?"

"मधोमध! पुढच्या ओळीत!"

"फिडल?"

"ढोलापुढे ऐकू येईल की नाही शंका आहे. पण पत्रिकेत नाव राहील."

त्यांनी पिठाचा गोळा परातीत आपटला. "मंडळाला नऊवारी हवी, कारण मी त्यांची. बाईंना नऊवारी हवी, कारण मी त्यांची नाही. छान जमलं तुमचं. मी नाही येत, भाऊजी."

"अहो, पण नातं दाखवावं लागतं ना काहीतरी!"

"नातीगोती लग्न ठरवताना बघतात. नाचायला गुडघे बघतात. आणि त्यांचीही फार वर्षं राहिलीत असं नाही."

मग आमच्या डोक्यावर शांतता पसरली. बंदी होती म्हणून नव्हे. हमरियालाही त्या जाईनात. लॅन्सीचे फोन घेईनात. ज्या आवाजाने मी इमारत रिकामी केली होती, तो नाही म्हणून मला दुपारची झोप लागेना.

महोत्सवाच्या दिवशी हिरवळ फुलली होती. घागऱ्यासारखे चौकड्यांचे किल्ट घातलेले पुरुष, काउबॉय टोप्या, बॅगपाइप, भाजलेल्या सॉसेजचा धूर. स्कॉटलंडात घराण्यागणिक चौकडा वेगळा; एका तंबूत तर आपल्या आडनावाचं कापड शोधून मिळत होतं. जोगळेकर तिथे तासभर उभे होते. वहिनी प्रेक्षक म्हणून आल्या होत्या, साध्या पंजाबी ड्रेसमध्ये, वसंतरावांबरोबर. लांब उभ्या राहून पाहत होत्या.

आमचं मंडळ स्टेजवर गेलं आणि आमच्या वारशाचं खरं दर्शन सुरू झालं. दीपप्रज्वलन. वाऱ्याने विझलं, पुन्हा प्रज्वलन. अध्यक्षीय मनोगत. मिसेस मॅकब्राइड यांना शाल आणि श्रीफळ. बाईंनी नारळ कानाशी हलवून पाहिला. प्रायोजकांचा सत्कार. गोडाऊन दिल्याबद्दल रणजितचा सत्कार, रणजितच्याच हस्ते. मग तीन मिनिटं लेझीम आणि मग प्रकाशरावांचं सविस्तर आभारप्रदर्शन. इतकं सविस्तर की पुढच्या बँडचा वेळ त्यात बुडाला. तो बँड लॅन्सीचा.

लॅन्सी फिडलची पेटी घेऊन स्टेजमागून चालत आला. "काय म्हणायचं नाय," म्हणाला, आणि खाण्याच्या तंबूंमागे, बर्फाच्या पेट्यांजवळ एका खोक्यावर बसून आपल्याआपणच वाजवू लागला. कोणासाठी नाही. टोपी घातलेला एक उंच अमेरिकन म्हातारा गिटार घेऊन त्याच्या शेजारी येऊन बसला. ना ओळख, ना पाळख. दुसरी धून सुरू झाली.

वहिनींनी मान वळवली. चेहरा तसाच. पण पंजाबी ड्रेसच्या खाली उजवा बूट हलत होता. बूट घालूनच आल्या होत्या! वसंतरावांनी ते पाहिलं. ते पार्किंगकडे गेले आणि डिकीतून फळी घेऊन आले. घाम पुसत खोक्यापुढे गवतावर टाकली, एक कोपरा हलतोय म्हणून खाली दगड सरकवला, आणि बाजूला झाले.

म्हातारा वहिनींकडे पाहून नुसतं फळीकडे हनुवटीने खुणावून पुन्हा गिटारवर वाकला.

इतके दिवस जे मला सुचलं नव्हतं ते आता सुचलं होतं. भावनेच्या भरात मी पुढे झालो, वहिनींच्या समोर उभा राहिलो. लोक जमू लागले होते, आणि असा क्षण काही शब्दांशिवाय जाऊ द्यायचा, हे मंडळाच्या माणसाला जमत नाही.

"वहिनी," मी म्हणालो, "आज सगळ्यांसमोर एकदा सांगून टाका. हे डोंगर, ही बेटं, हे सूर, यांच्याशी तुमचं आतलं, खोल नातं नेमकं कोणतं?"

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, फळीवरून उतरा."