क्रांतीबाईंची टीईटी

क्रांती चौगुले बाईंचा पाढ्यांचा आवाज चढला, की शाळेशेजारच्या रानात तण भांगलणाऱ्या बाया म्हणायच्या, "शाळा भरली गं." कागल तालुक्यातल्या वाडीवरची ही दोनशिक्षकी शाळा. बाई रोज उचगावहून स्कूटीवर यायच्या. पंचविशी उलटून गेली होती नोकरीला. मुलं त्यांना घाबरायची, आणि डब्यातली चटणीही त्यांनाच आणून द्यायची.

सुप्रीम कोर्टाचा निकाल आला तेव्हा बाईंनी तो आधी मोबाइलवरच वाचला. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ आहे, त्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास करायची. नाहीतर नोकरी सोडायची. शिक्षकांच्या ग्रुपवर नुसता भडका उडाला. कुणी मोर्चाची तारीख टाकली, कुणी रडक्या चेहऱ्यांची रांग लावली. बाईंच्या निवृत्तीला अजून आठ वर्षं होती.

"एवढी पोरं शिकवलीस, आणि आता तुझीच परीक्षा व्हय?" नवरा आकाराम म्हणाला. तो गावच्या दूध संस्थेत सचिव होता.

"देऊ की," बाई म्हणाल्या. "चौथीपर्यंतचं तर शिकवायचं. त्यात काय अवघड हाय?"

घरात ही परीक्षा नवी नव्हती. मुलगी स्नेहल डी.एड. होऊन बसलेली, दोनदा टीईटीला थोडक्यात हुकलेली. दुसऱ्यांदा हुकली तेव्हा बाई तिला तोंडाला येईल ते बोलल्या होत्या. आता त्याच स्नेहलच्या समोर, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी, त्या सराव परीक्षेला बसल्या.

"मी वाचते, तू उत्तर दे," स्नेहल म्हणाली. "एक मूल वर्गात इतरांना सारखं मारतं. शिक्षक म्हणून तुम्ही प्रथम काय कराल?"

"सकाळी काय खाऊन आलास, ते विचारीन."

"आई, पर्यायांत न्हाय ते."

"मग पर्याय काढणाऱ्यानं पोरं बघितली न्हाईत कधी."

दोघी हसल्या. पण पेपर तपासून झाल्यावर बाईंचं हसू मावळलं. निम्मेसुद्धा गुण पडले नव्हते.  स्नेहलनं चहा टाकला आणि मानसशास्त्राचं पुस्तक आईपुढं सरकवलं. आपण तिला काय काय बोललो होतो ते आठवून बाईंना जास्त लागलं.

मग रोज पहाटे अभ्यास सुरू झाला. भाकरी थापता थापता बाई पियाजे आणि वायगॉटस्की या मानसशास्त्रज्ञांचे सिद्धांत घोकायच्या. नावं तोंडात बसेनात, म्हणून आकाराम त्या दोघांना 'तुझं ते परदेशी पावणं' म्हणायचा. बाईंना सुरुवातीला सगळंच पोकळ वाटलं. एका सकाळी मात्र अध्ययन अक्षमतेचं प्रकरण वाचताना त्यांचा हात परातीतच थांबला. मूल हुशार असतं, बोलण्यात पटाईत असतं, पण अक्षरं उलटी काढतं, ओळ वाचताना शब्द गाळतं, आणि मोठी माणसं त्याला आळशी समजतात.

"स्नेहल, अगं, हा तर माझा राजवीर."

राजवीर तिसरीत होता. गाईला किती चारा लागतो इथपासून ट्रॅक्टर कसा सुरू करायचा इथपर्यंत सगळं सांगायचा, आणि 'कमळ' लिहायला दिलं की 'मकळ' लिहायचा. बाईंनी त्याला तो शब्द पानभर लिहायला लावला होता. एकदा नाही, कितीतरी वेळा.

त्या दिवशी बाईंनी त्याच्यासमोर ताटात बारीक वाळू पसरली आणि बोटानं अक्षरं काढायला दिली. पुढच्या आठवड्यात त्याच्या आजीला, अंबूबाईला, सोबत घेऊन त्या तालुक्याच्या विशेष शिक्षकांकडे गेल्या. राजवीरला आई नव्हती. आजीच त्याचं सगळं बघायची. तपासण्या झाल्या, आणि बाईंचा अंदाज खरा निघाला. परतताना अंबूबाईनं विचारलं, "म्हंजे पोरगं ढ न्हाय?"

"न्हाय हो. मलाच कळलं नव्हतं," बाई म्हणाल्या.

परीक्षा मायलेकींनी एकाच दिवशी, कोल्हापुरात, वेगवेगळ्या केंद्रांवर दिली. निकालही एकाच दिवशी लागला. स्नेहल पास झाली. बाई थोडक्यात हुकल्या.

 स्नेहल आईकडे बघेना, आकाराम कुणाकडेच बघेना. बाई उठल्या, साडी बदलली, स्कूटी काढली आणि पेढ्यांचा मोठा पुडा घेऊन आल्या. पहिला पेढा त्यांनी स्नेहलच्या तोंडात कोंबला.

"आता रडलीस तर बघ," म्हणाल्या, आणि स्वतःच पदर डोळ्यांना लावला.

दुसऱ्या दिवशी शाळेतही पेढे वाटले. "माझी मुलगी पास झाली. मी नापास झाले," असं त्यांनी पोरांना सरळ सांगून टाकलं.  मग पहिलीतल्या एका पोरीनं काळजीनं विचारलं, "बाई, घरी मार बसला काय?"

बातमी दुपारपर्यंत वाडीभर झाली. शाळा सुटताना अंबूबाई फाटकात उभी होती. बाईंना वाटलं, आता काय ऐकावं लागतंय कोण जाणे.

"नापास झालासा म्हनं?"

"व्हय, मावशी."

"हुंद्या की. परत द्या. आमच्या पोराला समजून घ्यायला तुमास्नी इतका अभ्यास लागला, मग पेपरला जरा जास्त लागंल." एवढं बोलून तिनं वांग्यांची पिशवी स्कूटीला अडकवली आणि चालू लागली.

पुढच्या खेपेला स्नेहलनं आईला सवलत दिली नाही. गणितात चुकलं की पुन्हा सोडवायला लावायची, आणि "लक्ष कुठं हाय तुझं?" असं अगदी आईच्याच सुरात विचारायची. बाई मुकाट्यानं ऐकायच्या. त्या खेपेला त्या पास झाल्या. आकारामनं दूध संस्थेच्या फळ्यावर खडूनं मोठ्या अक्षरांत अभिनंदन लिहिलं. त्यात 'पात्रता' चुकलं होतं, ते बाईंनी जाऊन दुरुस्त केलं.

आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या मासिक परिषदेत केंद्रप्रमुखांनी बाईंना बोलायला उभं केलं. पास कशा झालात ते सांगा, म्हणाले. बाईंनी परीक्षेवर चार वाक्यं बोलून उरलेला सगळा वेळ राजवीरच्या वाळूच्या ताटावर घालवला. परिषद संपल्यावर कृष्णात गुरुजी मागं रेंगाळले. बाईंच्याच वयाचे, एकदा नापास झालेले, आणि ते कुणालाच न सांगितलेले.

"बाई, तुमची पोरगी मला शिकवील काय?"

तेव्हापासून चौगुल्यांच्या घरी रविवारी वर्ग भरतो. भरतीची वाट बघत असलेली स्नेहल शिकवते, आणि सतरंजीवर तिच्या आईच्या वयाचे गुरुजी-बाई मांडी घालून बसतात. परवा दोन गुरुजी मागं बसून ऊसदरावर बोलत होते. स्नेहलला मोठ्या माणसांना दटावायचा संकोच वाटला. आत पोहे परतत असलेल्या बाई उलथणं हातात घेऊनच बाहेर आल्या.

"कृष्णात, पुढं ये आणि बस!"

आणि पन्नाशीचे कृष्णात गुरुजी मुकाट्यानं उठून पुढं येऊन बसले.