ओरिजनल ठेवलं का?

"ओरिजनल ठेवलं का?"

महागावच्या बाजाररस्त्यावरचे स्टुडिओवाले चाचा हा प्रश्न कुणालाही टाकायचे. झेरॉक्स काढायला आलेल्या म्हातारीला, मुलीच्या लग्नाचे फोटो न्यायला आलेल्या बापाला, पत्रकाचा मजकूर घेऊन आलेल्या मला. हाताचा पंजा कागदावर दाबून धरायचे आणि चष्म्यावरून बघत राहायचे. समोरचा हो म्हणाला की मगच पंजा उचलायचा. एकदा एक जण शाळा सोडल्याचा दाखला झेरॉक्सच्या मशीनमध्येच विसरून गेला, तर चाचा दुकान उघडं टाकून अनवाणी एसटी स्टँडकडे पळाले आणि सुटलेल्या गाडीपुढे आडवे उभे राहिले. ड्रायव्हरनं घातलेल्या शिव्या त्यांनी शांतपणे ऐकून घेतल्या आणि खिडकीतून दाखला आत दिला.

चहाच्या टपरीवर पोरं त्यांची नक्कल करायची. "ओरिजनल ठेवलं का बे?" म्हणून एकमेकांच्या कपावर पंजा ठेवायची. चाचांच्या कानावर जायचं. तरी पुढच्या गिऱ्हाइकाच्या कागदावर पंजा पडायचाच.

मी चाचांना या प्रश्नाच्या आधीपासून ओळखत होतो. तेव्हा त्यांचं वाक्य वेगळं होतं. "होऊन जाते ना, कायले टेन्शन घेतं?"

अशी दुकानं तुम्ही पाहिलीच असतील. पुढे झेरॉक्स, पडद्याआड स्टूल आणि निळं कापड, कोपऱ्यात एकच कॉम्प्युटर. लग्नाचे फोटो त्याच्यावरच, पत्रिका त्याच्यावरच, आमच्या संघटनेची पत्रकंही त्याच्यावरच. मी फुलसावंगीचा, नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला. कापसाचा भाव पडला होता, जिनिंगवाले, म्हणजे सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे कारखानदार, हमालांची रोजी पाडून देत होते, आणि माझी अशी पक्की समजूत होती की सगळा जिल्हा माझ्या पुढच्या पत्रकाची वाट बघतो आहे.

"काय लीडर, आज कोनाले झोडपून राह्यला?" मी पायरी चढलो की चाचा विचारत. मग टाइप करता करता माझी उद्गारचिन्हं गुपचूप काढून टाकत. मी भांडायचो. ते म्हणायचे, "एका वाक्याले तीन-तीन खुटे कायले ठोकतं? एकच ठोक, पन मजबूत ठोक."

चाचांचा जीव मात्र ना माझ्या पत्रकांत होता, ना लग्नाच्या फोटोंत. तो होता ट्रक चालवायच्या एका गेममध्ये. कुणीतरी नागपूरहून सीडी आणली होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं आणि लाइन, म्हणजे वीज, असली की चाचा ट्रक काढायचे. ट्रक परदेशी, रस्ते परदेशी, मागे लाकडाचे ओंडके. काही दिवसांनी त्यांना ते खटकायला लागलं. "हे काय लाकडं वाहून राह्यलो मी? आपल्याकडं कापूस हाये ना." आणि त्यांनी तो गेम महागावचा करायला घेतला.

हे काम कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यातूनच झालं. गेमला आपला साधा फोटो चालत नाही. तो आधी कापून चौकोनी करायचा. बाजू चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, दोनशे छप्पन्न ठिपके अशी दुपटीतच बसवायची. मग एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायचा, दुसऱ्यातून गेमच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये. कुठं चुकलं तर गेम सुरूच होत नाही, नाहीतर सुरू होतो आणि भलतंच दाखवतो. चाचांनी पहिल्यांदा बाभळी लावल्या तेव्हा फाइल जेपीजीत ठेवली. त्या फॉरमॅटमध्ये चित्रातली रिकामी जागा रिकामी राहत नाही, भरून जाते. झालं असं की प्रत्येक बाभूळ एका काळ्या चौकोनात अडकली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बंद टीव्ही उभे केल्यासारखं दिसत होतं.

"याले मोकळी जागा पाहावतच नाही," चाचा म्हणाले.

"जिनिंगवाल्यासारखं," मी म्हणालो.

"तू झाडातबी जिनिंगवाला काढजो," म्हणून ते इतके हसले की चष्मा पुसावा लागला.

बाभळी जमल्या. ओंडक्यांच्या जागी कापसाच्या गाठी आल्या. मग चाचांनी माणसं घ्यायचं ठरवलं. रस्त्याच्या कडेला गोरे लोक उभे असायचे, त्यांना आपले चेहरे द्यायचे. त्यासाठी फोटो सोलावा लागायचा. म्हणजे समोरून काढलेला चेहरा कानापासून कानापर्यंत ताणून सपाट करायचा, मग गेम तो डोक्याभोवती गुंडाळतो. चाचा त्याला खाल म्हणायचे. नुसती खाल बघवत नसे. डोळे दोन टोकांना, नाक पसरलेलं. पण गेममध्ये गेली की तोच माणूस हुबेहूब उभा. चेहरे कुठून आणायचे हा प्रश्नच नव्हता. अख्ख्या बाजाराचे पासपोर्ट फोटो त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होतेच.

बातमी पसरली. चहावाला स्वतःला बघून गेला, पोस्टमन बघून गेला. शिंपी मात्र चिडला. "मले चहावाल्याच्या बाजूले काहून उभं केलं? दोन सालापासून आमचं बोलनं नाही." चाचांनी त्याला रस्त्याच्या पलीकडे हलवलं, तेव्हा तो शांत झाला.

एक गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यातच आली नाही, माझ्याही नाही. हार्ड डिस्क लहान होती आणि लग्नसराई मोठी. खाल तयार झाली की चाचा मूळ फोटो पुसून टाकायचे. गिऱ्हाइकाला प्रिंटा दिलेल्या, मग तो जागा अडवून कशाला बसेल?

रोहिदास आला तो गेटपाससाठी फोटो काढायला. जवळच्या बंजारा तांड्यावरचा, विशीतला, जिनिंगवर ट्रकमध्ये गाठी चढवायचा. फोटो झाल्यावर गेम बघत उभा राहिला, आणि जायच्या वेळी म्हणाला, "चाचा, मले रस्त्यावर नका उभं करू. गाठीवर बसवा. दिवसभर चढवतो, बसू कोनी देत नाही."

चाचांनी त्याला अगदी वरच्या थरावर बसवला, एक पाय खाली सोडून. मग तो दर बाजाराच्या दिवशी यायचा. दारातूनच सांगायचा, "चालवा चाचा, मी बसलो." चाचा ट्रक काढायचे. रोहिदास पडद्यावरच्या रोहिदासकडे बघत शेंगदाणे खायचा.

त्या हंगामात ट्रकवर नेहमीपेक्षा एक थर जास्त चढवत होते. फेऱ्या वाचाव्या म्हणून. एका दुपारी तो थर घसरला आणि त्याच्यासकट रोहिदास खाली आला. दवाखान्यात न्यायची गरजच उरली नाही. जिनिंगवाल्यानं सांगितलं, या नावाचा हमाल आमच्याकडे नव्हता. फोटो लावलेला गेटपासही त्यांच्याचकडे होता, तोही मग नव्हता.

त्याच्या आईला, याडीला, घेऊन मी स्टुडिओत गेलो. तांड्यावर आईला याडी म्हणतात आणि आम्हीही सगळे तिला तेच म्हणायचो. मला पत्रकासाठी फोटो हवा होता. तिला भिंतीसाठी. घरात एकही नव्हता. प्रिंटा वेगवेगळ्या अर्जांना डकवून संपल्या होत्या आणि मतदार कार्डावर भलत्याच माणसाचा चेहरा छापून आला होता. त्या वर्षांत शेतकरी जीव देत होते म्हणून शहरातले लोक कॅमेरे घेऊन आमच्याकडे यायचे, आमच्या जिल्ह्याची दुःखी तोंडं देशभर छापून यायची. आणि तांड्यावरच्या एका पोराचा एक फोटो त्याच्या आईला मिळत नव्हता.

"होऊन जाते ना याडी, बसा," चाचा म्हणाले. "मोठा काढून देतो, फ्रेमसकट."

त्यांनी फोल्डर उघडलं. दुसरं उघडलं. मग त्यांचा हात माउसवर नुसता पडून राहिला. शेवटी त्यांनी जे उघडलं ती खाल होती. त्यांनी स्क्रीन फिरवायचा प्रयत्न केला, पण याडीला दिसलंच.

"हे कोन होय?" तिनं विचारलं.

त्या दुपारी चाचा लाइन जाईपर्यंत बसून होते. ताणलेला चेहरा दोन्ही बाजूंनी आत घेत होते. एवढंसं ते चित्र, मोठं केलं की चौकोन व्हायचे, पुसट केलं की पाण्यात हललेल्या चेहऱ्यासारखं दिसायचं. जे कापलं, दाबलं, सोललं, ते फॉरमॅट उलटा फिरवून परत येत नाही. मी त्यांच्या डोक्याशी उभा राहून बोलत होतो, एक फोटो तुम्हाला ठेवता आला नाही का, वगैरे. चाचांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

लाइन आल्यावर ते म्हणाले, "गेमच्या अंदर बराबर दिसते तो. दाखवू का?"

ट्रक निघाला. गाठींवर पाय सोडून रोहिदास बसलेला. याडी उठली, पडद्याच्या अगदी जवळ गेली. "हाव, असाच बसे," ती म्हणाली. चाचांनी ट्रक थोडा पुढे नेला. वळण आलं, गाठी हलल्या.

"त्याले खाली उतरव भाई. पडन तो."

चाचांनी ब्रेक दाबला. ट्रक थांबला. रोहिदास वरच होता. चाचांनी भिंतीवरचं बटण दाबून सगळं बंद केलं.

पत्रक मी त्या आठवड्यात लिहिलं. आयुष्यात लिहिलेलं सगळ्यात कडक पत्रक. शेवटी जबाबदार कोण म्हणून नावं टाकली होती: जिनिंगवाला, मुकादम, तक्रार देऊनही न फिरकलेले सरकारी साहेब. चाचांनी टाइप केलं, मी वाचायला घेतलं, तर खाली एक नाव जास्त. त्यांचं स्वतःचं. पुढे लिहिलेलं, मयताचा एकमेव फोटो यांनी पुसला.

"हे काय आहे चाचा?"

"बरोबर हाये ते. राहू दे."

मी सांगितलं की असं केलं तर जिनिंगवाला सुटेल, लोक फोटोवरच बोलत बसतील. गाठी तुम्ही रचल्या नव्हत्या. गुन्हेगार कोण हे स्पष्ट आहे.

"तुहा गुन्हेगार तुह्यापाशी," चाचा म्हणाले. "माहा माह्यापाशी हाये. मी तुह्याले हात लावून राह्यलो का?"

मी त्या ओळीवर काट मारून कागद परत दिला. पत्रक छापून आलं तेव्हा जबाबदारांच्या यादीत चाचा नव्हते. पण फोटोसाठी सोडलेल्या रिकाम्या चौकटीत चाचांनी गुपचूप बारीक अक्षरात टाकलं होतं: स्टुडिओच्या चुकीने फोटो नाही. बाजारभर ते वाटलं गेलं. आपल्याच विरोधात पत्रक छापणारा माणूस म्हणून लोक चाचांना हसले. शिंपी म्हणाला, "उद्या स्वतःवरच मोर्चा काढतीन." हसू थांबलं, पण तेव्हापासून चाचांचा पंजा कागदावर पडायला लागला. ओरिजनल ठेवलं का?

रोहिदासला खाली उतरवायला त्यांना सगळा उन्हाळा लागला. गाठी आणि तो मिळून एकच आकृती होती. त्याला वेगळा करायचा म्हणजे नवी आकृती, नवी चित्रं, पुन्हा सगळे फॉरमॅट. एकदा त्याच्या पायांभोवती काळा चौकोन आला. एकदा तो कमरेपर्यंत जमिनीत गेला, तेव्हा चाचा उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. शेवटी तो गावाबाहेरच्या निंबाखाली उभा राहिला, एक हात बुंध्याला लावून. ट्रकवरच्या गाठी चाचांनी सगळ्या काढून टाकल्या. पुन्हा कधी चढवल्या नाहीत.

पण गेम थेट निंबापाशी उघडत नाही. दर वेळी जिनिंगच्या गेटातून निघायचं, बाजारातून जायचं, मग निंब. याडी दर बाजाराला यायची, पिशवी काउंटरला टेकवून ठेवायची. चाचा गिऱ्हाइकाला थांबवून रिकामा ट्रक काढायचे आणि अगदी हळू न्यायचे. निंबाजवळही एका ठरावीक जागीच थांबायचे. त्याच्या पुढे गेलं की चेहऱ्याचे चौकोन व्हायचे, मागे राहिलं की गेम त्याचं बारकं, पुसट चित्र दाखवायचा. फक्त त्या एका अंतरावरून तो रोहिदास दिसायचा. याडी बघायची. तिनं कधी दोष दिला नाही. कधी तरी पदराच्या ओट्यातून चार बोरं काढून काउंटरवर ठेवायची, आणि ती चाचांना गिळवत नसत हे मी पाहिलं आहे.

मी त्यांना एकदा म्हणालो, की आता पुरे झालं चाचा, तिनं तुम्हाला केव्हाच माफ केलं. ते म्हणाले, "तिनं केलं ना. तेच त जड हाये."

चाचा गेले ते भर पावसाळ्यात, दुकानातच, खुर्चीत. मी तेव्हा घाटंजीला सभेत होतो, मातीला पोचू शकलो नाही. स्टुडिओच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान आलं. चाचींनी तो कॉम्प्युटर एका हातगाडीवर घालून आमच्या संघटनेच्या खोलीवर पाठवला. निरोप एवढाच होता की बाजाराच्या दिवशी याडी येते, कुणीतरी चालवायला पाहिजे.

ती आली. पत्रकांच्या गठ्ठ्यांमधून वाट काढत खुर्चीशी उभी राहिली आणि पिशवी खाली टेकवली. मी ट्रक सुरू केला. आयुष्यभर मोटरसायकल दामटलेला माणूस मी, गेटातून निघालो तो चहावाल्याला जवळजवळ धडकलोच.

"हळू," याडी म्हणाली. "भाई हळू नेत होता."

मी हळू केलं. चहावाला गेला, रस्त्यापलीकडचा शिंपी गेला, बाभळी संपल्या. निंब दिसायला लागला. त्याच्याखाली कुणीतरी उभं होतं, पुसट. कुठं थांबायचं ते मला ठाऊक नव्हतं.

"आखीन थोडं," ती म्हणाली. "थोडं. आता थांब."